नाक्यावरची काडेपेटी

तातेराव तिसऱ्यांदा मेले, तेव्हा ख्वाजामियाँ बशीत ओतलेला चहा फुंकत होते.

"पुन्हा मेलात, आबा," शिवकन्या म्हणाली. "शिपाई दिसला की लगेच हे बटन दाबायचं. तुम्ही नुसते बघत उभे राहता."

"मी कुठं उभा हाय? मी दिसूनच न्हाई राह्यलो."

"दिसणार नाहीतच. हे बंदूक धरलेले हात तुमचे. खेळ तुमच्याच डोळ्यांनी बघायचा."

तातेरावांनी मांडीवरचे हात पाहिले, मग पडद्यावरचे. पडद्यावरचे तरुण होते आणि बिलकुल कापत नव्हते.

त्यांची ही नात पुण्याच्या एका कंपनीत कंप्युटरवरचे खेळ बनवत असे. नवा खेळ दिवाळीत बाजारात येणार होता. पण त्याआधी येत्या शुक्रवारी, सतरा सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिदिनाला, तो वडीगोद्रीच्या शाळेत भिंतीवर मोठा करून दाखवायचं हेडमास्तरांनी ठरवलं होतं. आधी झेंडावंदन, मग तातेरावांचं भाषण, मग तातेरावांच्याच हस्ते खेळाचा पहिला टप्पा. म्हणून ही तालीम.

खेळाची गोष्ट सोपी होती, निदान शिवकन्येला. अठ्ठेचाळीस साली हैदराबाद संस्थान भारतात आलंच नाही. खेळात आता एकोणीसशे पंच्याहत्तर साल उजाडलंय, निजामाचं राज्य सुरूच आहे आणि गावाबाहेरच्या जकात नाक्याला विजेचं कुंपण आहे.

"म्हंजी आपण हरलो?" तातेरावांनी विचारलं.

"तसं झालं असतं तर, आबा."

"पण झालं न्हाई ना?"

"नाही."

"मंग शुक्रवारी झेंडा कशाचा?"

"चोवीस तास वीज हाय म्हन्ती कुंपणाला," ख्वाजामियाँ म्हणाले. "म्हंजी लोडशेडिंग न्हाई. तू हरल्यानं बरंच चाल्लंय की, तात्या."

अठ्ठेचाळीस साली खरा नाका जळाला तेव्हा त्यावर एकच शिपाई होता, आणि तो ख्वाजामियाँ होता. दर वर्षी तातेराव भाषणात सांगत, की आम्ही पाच जण गोळ्या झाडत शिरलो, शिपाई पळाला आणि त्याच्याच काडेपेटीनं आम्ही नाका पेटवला. या वाक्याला टाळ्या पडत. ख्वाजामियाँ तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी वाजवत. नुसता पळणारा शिपाई खेळात शोभत नाही, असं कंपनीचं मत पडल्यामुळं खेळात तो मरणार होता. त्याच्या मिशा शिवकन्येनं ख्वाजामियाँच्या जुन्या फोटोवरून घेतल्या होत्या, त्यांना विचारून.

चौथ्या वेळी तातेराव नाक्यापर्यंत बरोबर पोचले. मिशीवाला समोर आला.

"आबा, बटन!"

"बोलायचं कोणतं?"

"बोलायचं बटनच नाही यात. मारायचं आणि त्याच्या खिशातली काडेपेटी काढायची. त्याशिवाय पुढं जाताच येत नाही."

"काढायची कशाला? त्यानं हातानं दिल्ती."

मिशीवाल्यानं गोळी झाडली. तातेराव मेले. शिवकन्या पडद्यावरून त्यांच्याकडं वळली. बाहेर हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"हातानं?"

"आतली बाज भाईर काढू दे म्हन्ला आधी. एका अंगानं मी धरली. त्याला ताप व्हता. आमच्या बंदुकीत तर..."

"पोरी, म्हातारा झालाय तो," ख्वाजामियाँ मध्येच म्हणाले. "चांगल्या धडाधड गोळ्या चालल्या. मीच पळालो, मला ठाव न्हाई का?"

"ख्वाजा, छप्पन वर्षं झाली. शुक्रवारी सांगून टाकतो."

"काय सांगतो? सरकारी शिपायानं सरकारी नाका जाळाया काडी देली म्हणून? माझे वालिद निजामाच्या तहसिलीत नोकरीला व्हते म्हणून तवा सांगू नको म्हन्लो. आता तर तुझ्या बाजूनं नको म्हणून राह्यलो. बाज उचलल्याला कोण टाळ्या वाजवंल, तात्या?"

तातेरावांनी धोतराचा सोगा उगाच सारखा केला.

शिवकन्येनं खेळ परत चालू केला. नाका आला, मिशीवाला आला. तातेरावांचे हात मांडीवरच होते. ख्वाजामियाँ पुढं वाकले, चष्मा नाकावर सारला, आणि तिनं दाखवलेलं बटन एका बोटानं दाबलं. मिशीवाला पडला.

"झालं," ते म्हणाले. "एवढं सोपं व्हतं तर."

पडद्यावर अक्षरं आली: काडेपेटी उचला.

ख्वाजामियाँ मागं टेकले. कुडत्याच्या खिशातून बिडी काढून त्यांनी पेटवली आणि जुन्या सवयीनं काडेपेटी तातेरावांपुढं धरली. तातेरावांनी बिडी सोडून बारा वर्षं झाली होती. त्यांनी हात पुढं करून ती घेतली आणि मुठीत धरून बसले.

शिवकन्येनं बटनाकडं नेलेला हात मागं घेतला. अक्षरं लुकलुकत राहिली.