जोडीतला दगड

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. देवराम. अठ्ठावीस वर्षं त्याने मला मारलं, आणि त्यातली वीस वर्षं मी तग धरला तो एका भिंतीच्या जिवावर.

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, ओळीतलं. आमच्या आणि शेजारच्या चंद्रभागामावशीच्या स्वयंपाकघरात एकच भिंत, तीही चार इंची. मावशी माळ्याची, फुलबाजारात हार विकते. देवरामचा हात सुटला की माझी पाठ, नाहीतर डोकं, त्या भिंतीवर आपटायचं. मग पलीकडून मावशी वरवंट्याने भिंत ठोकायची आणि मोठ्याने विचारायची, "सुवर्णे, दूध उतू चाललं का गं?" एवढं पुरायचं. देवराम जागच्या जागी थांबायचा. ओझरच्या विमान कारखान्यात तो फिटर, गल्लीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष, आणि लोकांच्या कानांना फार भिणारा माणूस. एकदा मावशी लग्नाला घोटीला गेली होती. त्या दिवशी माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. आजही त्या बाजूने मला कमीच ऐकू येतं.

दोन हजार दोन साली त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि भंगारातली एक मिनीबस आणून दारात उभी केली. परदेशात लोक गाडीतच संसार करतात, असे फोटो त्याने कारखान्यात कुठल्याशा मासिकात पाहिले होते. घराला कुलूप लावायचं, गाडीत राहायचं, आज इथे उद्या तिथे, मरेपर्यंत. वर्षभर तो त्या बसमागे होता. काम मात्र सुरेख, खोटं कशाला बोलू. आतून अॅल्युमिनियमचा पत्रा, एकेक रिव्हेट ओळीत. घडीचा पलंग, गॅसचा ओटा, पाण्याची टाकी, फळी उचलली की खाली संडास. गल्लीतल्या बायका डोकावून जायच्या आणि म्हणायच्या, "सुवर्णाताई, नशीब काढलंत हो." लेक निकिता पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, बाबांनी तुझ्यासाठी केवढं केलं." माझ्या अंगाची आग झाली. पण फोन त्याच्यासमोर होता, म्हणून मी हो म्हटलं.

कारण ते सगळं कशासाठी चाललंय हे त्याने मला केव्हाच सांगून टाकलं होतं. पत्रा बसला त्या दिवशी मानेला धरून त्याने मला आत नेलं. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केली.

"बघ. पलीकडं कोणी नाय. आता कोणाचं दूध उतू जातं ते पाहू."

हसत म्हणाला. हा माणूस माझ्यासाठी बिनशेजाऱ्याची खोली बांधत होता, आणि तिला चाकं लावत होता.

मी येणार नाही म्हणून एकदाच बोलले. त्याने पत्र्याची उरलेली पट्टी घेतली आणि माझ्या पायांच्या तळव्यांवर मारली. तळवे कोणाला दिसत नाहीत. आठ दिवस मी टाचा टेकल्या नाहीत, आणि गल्लीत सांगितलं की भेगा पडल्यात.

मग सामान निघालं. फाटकाला त्याने हुकाचा काटा टांगला आणि एकेक वस्तू त्याला लावून वजन करू लागला. गाडी पेलेल तेवढंच घ्यायचं. माझ्या आईची पितळी परात गेली, शिवणयंत्र गेलं, देवातला लाकडी चौरंग गेला. पाटा-वरवंटा त्याने काट्याला लावलाच नाही. अंगणात ठेवून हातोड्याने फोडला. एक कपची उडून माझ्या पोटरीत घुसली. तो म्हणाला, "मिक्सर हाय ना." आणि पुढची वस्तू उचलली.

निघायचं ठरलं दसऱ्याला. गाडीची पूजा त्या दिवशी तशीही करायचीच. पण मला दिवस ऐकताच कळलं. दसऱ्याला मावशी पहाटेपासून झेंडू घेऊन बाजारात असते. भिंतीपलीकडे कोणी नसतं.

आदल्या संध्याकाळी देवराम टायरमध्ये हवा भरायला गेला तेव्हा मावशी आली. हात झेंडूने पिवळे झाले होते. पदराखालून तिने एक गाठोडं काढलं, जुन्या चोळीत बांधलेलं. आत तिचा वरवंटा.

"मावशी, हा कशाला? तुमच्या पाट्यावर कशाने वाटणार?"

"जोडीतला दगड कोणी देत नाय गं. पाटा एकटा पडतो म्हणत्यात. पडू दे." तिने ते माझ्या पिशवीत साड्यांखाली खुपसलं. "वीस वरीस त्यानंच भित ठोकली मी. तिकडं भित नाय. निदान ह्यो तरी असू दे तुझ्यापाशी."

मी रडले. ती रडली नाही. उद्याचे हार ओवायचे आहेत म्हणून निघून गेली.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार, काचेवर स्वस्तिक, चारी चाकांखाली चार लिंबं. देवरामने पांढरा सदरा घातला होता. घराला कुलूप लावून त्याने किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. नारळ फोडला, प्रसाद वाटला. चार-पाच बायका ओवाळायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर त्याने शेवटची म्हणून माझी पिशवी काट्याला लावली, आणि काटा पाहून त्याच्या कपाळाची शीर उठली. साड्यांखाली हात घालून त्याने गाठोडं चाचपलं. मग बायकांकडे बघून हसला.

"जरा सामान लावून घेतो हं आतलं. मग निघू."

मला पुढे घालून तो आत आला, दार ओढून घेतलं, कडी लावली. टेपवर आरतीची कॅसेट टाकली आणि आवाज पूर्ण वाढवला. गाठोडं सोडून वरवंटा त्याने ओट्यावर ठेवला, माझ्या डोळ्यांसमोर. तीच त्याची चूक.

"म्हातारीचा दगड? माझ्या गाडीत?"

पहिला फटका माझ्या चांगल्या कानावर बसला. दुसऱ्याने मी पलंगावर पडले, तिथून त्याने केसांना धरून खाली ओढलं. पोटात लाथ. परत लाथ. मी सवयीने मागे हात नेला आणि ठोकलं, पत्र्यावर, तळहाताने. आरती इतकी मोठी चालली होती की मलाच ते ऐकू आलं नाही. बाहेर बायका टाळ्या वाजवत असाव्यात. मला एवढंच कळलं की कोणी येणार नाही. आज नाही, उद्या नाही, कुठल्याही गावाच्या बाहेर कुठल्याही झाडाखाली नाही. तेव्हा माझी भीती संपली. तिच्या जागी नुसता संताप उरला, अठ्ठावीस वर्षांचा.

ओट्याला धरून मी उठले. तो पुढची लाथ घालायला वळला होता, तोल सांभाळायला त्याने उजवा हात ओट्याच्या कडेवर टेकला होता. मी वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या मनगटावर आणला. हाड मोडल्याचा आवाज आरतीतूनही ऐकू आला. तो खाली बसला. मी पुन्हा मारलं, त्याच मनगटावर. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. तरी मारलं, आणि सांगताना मला लाज वाटत नाही.

त्याच्या खिशातून मी घराची किल्ली काढली. तो माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं टाकून. त्याला दुखत होतं त्याहून जास्त नवल वाटत होतं. मी टेप बंद केला, कडी काढली आणि खाली उतरले. बायकांच्या हातात ओवाळणीची ताटं तशीच होती. माझ्या नाकातून रक्त येत होतं, हातात वरवंटा होता. एकीने मला वाट करून दिली. मी कुलूप उघडून घरात गेले आणि आतून कडी घातली.

संध्याकाळी तो दवाखान्यातून प्लॅस्टर घालून आला आणि डाव्या हाताने दार बडवू लागला. एरवी त्याच्यासमोर न बोलणारी गल्ली त्या दिवशी दारादारात येऊन उभी राहिली. मावशी उरलेले हार खांद्यावर टाकून त्याच्या मागेच उभी होती.

"देवराम, दार कशाला ठोकतो? तुझं घर ते बघ, चाकांवर हाय."

तो कोणाच्याच डोळ्याला डोळा देऊ शकला नाही. निमूटपणे गाडीत जाऊन झोपला. घर तसंही माझ्या नावावर आहे. सिडकोच्या घरांच्या सोडतीत त्याच्या नावाचे दोन अर्ज लागले नव्हते, म्हणून तिसरा माझ्या नावाने भरला होता.

याला आता चार वर्षं झाली. मनगटाचं हाड वाकडं बसलं, गिअर टाकता येत नाही. दुसऱ्या कोणाला तो गाडी चालवू देत नाही, आणि निफाडला भावाकडे जायची त्याला लाज वाटते. म्हणून माझ्या दारासमोर तो गाडीत राहतो. घडीचा पलंग, गॅस, टाकी, सगळं आहे तिथे. चाकांखालची लिंबं वाळून काळी झाली, पण फुटली नाहीत. दोन वेळचं ताट मी गाडीच्या खिडकीतून देते. निकिता म्हणते, आई, आता बाबांना घरात घे. मी तिला तळव्यांपासून कानापर्यंत सगळं सांगितलं. त्यानंतर ती म्हणत नाही.

परवा दुपारी ताटाला उशीर झाला. तो आतून पत्रा बडवायला लागला, पूर्वीसारख्या शिव्या देत. भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला, "सुवर्णे, दूध उतू चाललं का गं?"

"बघते, मावशी," मी म्हणाले. दाराआड ठेवलेला वरवंटा घेतला, बाहेर गेले आणि त्याच्या पत्र्यावर बाहेरून एकदाच ठोकला. आतला आवाज बंद झाला. मग मी घरात येऊन त्याचं ताट वाढलं.