फाशीनंतर झालेला मुलगा

हेस्टरबाईंनी चार हिवाळे खर्चून होपबॅच गावच्या चर्चसाठी आपल्या घराण्याचा वंशवृक्ष सुईदोऱ्यानं भरला होता. तागाच्या कापडावर ओकचं झाड, पानापानावर एकेक पूर्वज, बुंध्याशी सर रॉजर आणि पार शेंड्याला एक चिमुकलं पान, ते त्यांचं स्वतःचं. आधार म्हणून गावच्या एका जुन्या पाद्रीबुवांनी छापलेला घराण्याचा जाडजूड इतिहास. सुगीच्या सणाच्या रविवारी हे झाड चर्चमध्ये लागणार होतं.

गुरुवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना क्लेमंट हॅडर्ली आला. छापील वंशावळींतल्या चुका काढणं हा त्याचा छंद. इतर निवृत्त लोक गुलाब लावतात.

"हेस्टरबाई, आधी चहा घ्या. मग सांगतो."

"म्हणजे कुणीतरी गेलंय."

"सर रॉजर."

"त्याला सातशे वर्षं झाली, क्लेमंट. आता सावरलेय मी."

"अहो, पण तो फाशी गेलाय! १३१७ साली, राजाची हरणं मारली म्हणून. वर रखवालदारालाही मारलं. आणि पुस्तकात त्याचा मुलगा ह्यू जन्मलाय १३२० साली."

माझं बिस्किट चहात विरघळून गेलं.

"मग ह्यू कुणाचा?" बाईंनी विचारलं.

क्लेमंट छताकडे बघू लागला. ह्यूच्या वरची सगळी पानं, बाईंचे आजोबा, वडील आणि शेंड्यावरच्या त्या स्वतः, सगळी एकदम पोरकी झाली होती. बाईंनी कात्री उचलली. "खोटं झाड मी देवाच्या घरात टांगणार नाही. बुंध्यापासून उसवते."

तेवढ्यात आमच्या पाद्रीणबाई जोन टिबेट भलाथोरला भोपळा काखोटीला मारून आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि भोपळा क्लेमंटच्या मांडीवर ठेवला.

"त्याला रॉजर नाव कुणी दिलं?"

"किल्ल्यावरच्या सरदारानं. तो धर्मपिता होता. बाप्तिस्म्याला जो पोर उचलायचा त्याचंच नाव ठेवायचे तेव्हा."

"आणि रॉजरच्या बापानं दुसऱ्या मुलाच्या वेळीही त्या सरदारालाच बोलावलं असेल तर?"

"दुसरा मुलगा पुस्तकात नाहीच..." क्लेमंट थबकला. मग भोपळ्यासकट उठला, भोपळा माझ्याकडे दिला आणि पुस्तक उघडलं. एका दानपत्राखाली बारीक टाइपात टीप होती: साक्षीदार रॉजर व त्याचा भाऊ रॉजर, लेखनिकानं पेंगत तेच नाव दोनदा लिहिलेलं दिसतं, इथे दुरुस्त केलं आहे.

"दुरुस्त केलं आहे!" क्लेमंट ओरडला. "गाढव पाद्री!" मग जोनबाईंकडे बघून म्हणाला, "माफ करा."

"चालू द्या. माझ्या आधीचे ते."

तरी बाईंनी कात्री खाली ठेवली नाही. "पेंगलाही असेल बिचारा. खात्री करून ये."

शुक्रवारी क्लेमंट श्रूझबरीच्या दप्तरखान्यात मूळ दानपत्र बघून आला, तो फाटकातूनच हाका मारत. खाली मेणाच्या दोन मोहरा होत्या. एकीवर ससाणा, दुसरीवर मासा.

"पेंगणारा माणूस नाव दोनदा लिहील, हेस्टरबाई. दुसरी मोहर कुठून आणेल? थोरला फाशी गेला, बिनलग्नाचा. बाप जिवंत होता, जमीन त्याच्याच नावावर होती म्हणून जप्तीतून वाचली, ती धाकट्याला मिळाली. १३२५ साली तोच शेतसारा भरतोय. ह्यू त्याचा."

बाईंनी कात्री शिवणाच्या डब्यात टाकली, डबा बंद केला. मग डबा परत उघडला. "क्लेमंट, सुईत तपकिरी दोरा ओव. थोरल्याला पान हवं."

"फाशी गेलेल्याला?" मी विचारलं.

"घरचाच आहे."

"निदान फास तरी नका काढू."

"फास कशाला? हरीण काढते."

रविवारी सगळं गाव आधी ते हरीणच बघायला गेलं. हेस्टरबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या. हातात सुई नाही की कात्री नाही, असं त्यांना मी तेव्हा प्रथमच पाहिलं.