उजव्या बाहीचा वास

नववीतल्या चिमणीला पहिला झुरका मैत्रिणींनीच दिला, शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे. "ओढून तर बघ, मरत नाहीस!" ती खोकून खोकून लालबुंद झाली, पण आठवड्याभरात सराईतासारखी धूर सोडू लागली. घरी कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं. बाबा आणि काका गॅलरीत सकाळ-संध्याकाळ फुंकायचे. काडेपेटी संपली की "चिमणे, पळ!" म्हणून तिलाच पिटाळायचे. धुराच्या घरात धुराचा वास कुणाला येणार?

आला तो गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्या मावशींना. चिमणी कपडे न्यायला गेली, तर तिचा शाळेचा कोट त्यांनी वेगळा काढून ठेवलेला.

"गरम इस्त्री फिरली की कपडा सगळं ओकतो, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "वास उजव्या बाहीलाच येतोय. घरचा धूर असा एकाच बाहीवर बसत नाही."

चिमणीने कोट ओढून छातीशी धरला. "आईला सांगाल?"

"मी कशाला? तूच सांग. आणि आईला नको, बाबांना."

चार कपडे झाले की मावशींना धाप लागायची, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. का, ते त्यांनी आज सांगितलं. "भावांच्या विड्यांची थोटकं उचलून बाराव्या वर्षी ओढायला शिकले. सगळ्यांनी पाहिलं, सगळे हसले. अडवलं कुणीच नाही गं."

चिमणी तडक गॅलरीत गेली आणि बाबांपुढे एका दमात बोलून मोकळी झाली. आता चपराक बसणार म्हणून तिने डोळे मिटले. उघडून बघते, तर बाबा कठडा धरून उभे.

"तुला बोलू तरी कुठल्या तोंडाने?" एवढंच म्हणाले आणि हातातली सिगारेट त्यांनी विझवली.

एका दिवसात काही सुटलं नाही. बाबा महिनाभर सगळ्यांवर खेकसत होते, दोनदा घसरलेही. काका नाक्यावर जाऊन ओढू लागले. टाकीमागे जाणं सोडलं म्हणून मैत्रिणींनी चिमणीला 'आजीबाई' करून टाकलं. त्यातली एक मात्र मधल्या सुट्टीत गुपचूप तिच्यासोबत मैदानावर येऊ लागली.

वार्षिक परीक्षेआधी बाबा तिला घेऊन मावशींकडे गेले. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, पण आज त्यांनी आधी हात जोडले. "मावशी, आम्हा दोघांना वाचवलंत."

"मी काय केलं? नाक होतं, वापरलं!" मावशी हसल्या आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली.

चिमणी त्यांची पाठ चोळू लागली. उबळ थांबली तरी ती पाठ चोळतच राहिली.