झटकलेले दुपट्टे

चामोर्शीच्या तहसील कचेरीतल्या सुनावणीत मयुरी उभी होती ती रागानं. भिणारी असती तर घरीच नसती बसली?

गावाजवळच्या टेकडीवर गिट्टीची खदान नको, असं गावसभेनं ठरवलं आणि कॉम्प्युटर शिकलेल्या मयुरीनं ते सारं मोबाइलवर शूट केलं. आता सुनावणी घेणारे साहेब म्हणत होते, व्हिडिओ कापून जोडलाय. त्यांच्या सॉफ्टवेअरनं ऐन नकाराच्या जागी लाल रेघ मारली होती: इथं दृश्य बदललं. व्हिडिओ बाद झाला की नकार बाद, आणि खदान सुरू.

"मशीनले का समजते?" सरपंच रुखमाबाई पुटपुटल्या.

"बाई, त्याले माणसं दिसतच नाईत," मयुरी म्हणाली. "मोबाइल जागा वाचवाले व्हिडिओ दाबून ठेवते. मागच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं, तेवढंच लिहिते. एकदम सारंच बदललं, तर मशीनले वाटते दुसरा सीन लागला."

"जागा तीच, माणसं तीच," साहेब हसले. "हात वर केल्यानं एवढं बदलतं?"

इथंच तर गोम होती. या गावात नकाराला कोणी हात वर करत नाही. हात काय, शाळेतली पोरंही वर करतात. इथं माणसं उभी राहतात आणि खांद्यावरचा दुपट्टा समोर झटकतात. पटलं नाही, ते धुळीसारखं झटकून टाकायचं, ही पणजोबांपासूनची रीत. आणि मयुरीनं, शहाणीनं, मोबाइल ठेवला होता पहिल्या रांगेच्या अगदी पुढ्यात. दुपट्टे उठले आणि पडद्यावर पांढऱ्याशिवाय काही उरलं नाही. तिला स्वतःचाही संताप आला.

"साहेब, माझा मोबाइल राहू द्या. तुमचाच कॅमेरा लावा आन् इचारा."

साहेबांनी कंटाळून टेबलावरचा कॅमेरा सुरू केला. गाव टेबलाशी दाटून उभं राहिलं.

"खदान हवी का?"

गुणवंतरावांनी आधी दुपट्टा काढला. म्हातारा नीट चालत नाही, पण हात असा फिरला की टेबलावरचे कागद उडाले. मागोमाग सुकलू, हेमराज, सारी खोली. बायांनीही ओढण्या झटकल्या.

साहेबांनी ते रेकॉर्डिंग त्याच सॉफ्टवेअरात टाकलं. लाल रेघ उमटली.

"हे तर मी स्वतः काढलं," साहेब हळूच म्हणाले.

"मंग कापलं कोणं?" रुखमाबाईंनी विचारलं.

मयुरीनं खाली पडलेले कागद उचलून साहेबांपुढं ठेवले.

"लिवा साहेब. गावानं खदान नाकारली. एकदा आमच्या मोबाइलात, आन् एकदा तुमच्या कॅमेऱ्यात."