माझे गाडलेले तीन सेंटिमीटर

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर माझ्याकडे पाठ करून, टाचा टेकवून ताठ उभं राहावं लागतं. मी पनवेलच्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली, उंची मोजायची सागवानी फळी आहे. माझ्या अंगावर आकडे आहेत आणि डोक्याला टेकवायचा एक सरकता ठोकळा आहे. हजारो मुलांशी माझा परिचय आहे, पण त्यातल्या एकाचाही चेहरा मी नीट पाहिलेला नाही. मला सगळे पाठमोरेच ठाऊक.

माझा जन्म १९८६ सालचा. विठू सुतारांनी कुणाच्यातरी दरवाजातून उरलेल्या फळीतून मला घडवलं. आकडे रंगवून झाल्यावर डॉक्टर दिनानाथांनी पोलादी टेप लावून ते एकेक करून तपासले आणि माझं शून्य अगदी जमिनीला टेकवून मला भिंतीत ठोकलं. "खोटं बोलायचं नाही," असं ते मला म्हणाले. निदान मला तसं वाटलं. ते बहुधा विठू सुतारांशी बोलत असावेत.

पुढची पाच वर्षं मी इमानाने नोकरी केली. तळोज्याचे कामगार पाळी सुटल्यावर पोरांना घेऊन येत, कळंबोलीचे ट्रकवाले येत. मुलं टाचा उचलत, मान ताणत, एकाने तर केसांचा फुगा काढून उंची वाढवली होती. कंपाउंडर कमळाकर ठोकळा दाबून तो फुगा बसवत आणि आकडा ओरडत.

१९९१ च्या जूनमध्ये खाडीकडच्या गावातून रमा नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन आली. नवरा-बायको मिठागरात कामाला. मुलगी संजना, वय वर्षं सात, उंची अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. गाल मागूनही दिसतील इतके गुबगुबीत, आवाज बारीक, सगळं कसं प्रमाणात, फक्त चार वर्षांच्या मुलीच्या मापाचं.

"धाकटा भाव हिच्या वर गेला," रमा म्हणाली. "लोक त्याला इचारतात, तुजी भयीन कितवीला? बालवारीला का? घरात म्हंतात, आत्यावर गेली. आत्या माज्या कानापरत येते! नायतर म्हंतात, आईच खायाला घालीत नाय."

"मी दोन भाकऱ्या खाते," संजनाने जाहीर केलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, "रमाबाई, एका भेटीत उंची कळते, वाढ कळत नाही. सहा महिन्यांनी परत आणा. मूल किती उंच आहे, यापेक्षा ते वर्षात किती वाढतं, ते मला बघायचंय."

माझ्यावर केवढी ही जबाबदारी! मी तर फुलून गेले. लाकूड पावसाळ्यात फुगतंच, पण हे निराळं होतं.

आता माझ्या कीर्तीचा काळ सांगते. त्याच वर्षी दिवाळीआधी कमळाकरांनी डॉक्टरांच्या मागे लागून दवाखान्यात नव्या मोझॅक टाइल्स बसवून घेतल्या. जुनी शहाबादी उखडली तर धूळ होईल, म्हणून तिच्यावरच थर देऊन. जमीन वर आली आणि दरवाजा अडायला लागला. लगेच विठू सुतारांना बोलावून तो खालून तासून घेतला. दरवाजा अडला की करकरतो, म्हणून त्याची दखल घेतली जाते. माझे तर पहिले तीन सेंटिमीटर फरशीखाली गेले, पण मी करकरले नाही. त्या आकड्यांना तसंही कोणी विचारत नव्हतं. तीन सेंटिमीटर उंचीचा रुग्ण अजून पनवेलमध्ये आलेला नाही.

आणि काय सांगू, दिवाळीनंतर सगळी मुलं भराभर वाढू लागली! आया खूश, आजोबा खूश. त्या वर्षी एक नवीन टॉनिक आलं होतं, त्याचं नाव झालं. पार नेरे गावाहून लोक बाटली मागायला येत. कमळाकर तर म्हणत, "डॉक्टर, मीसुद्धा घ्यायला लागलोय." मला वाटायचं, हे सगळं माझ्या पायगुणाने. पाय कुठे आहेत, ते मात्र मी बघितलं नाही.

रमा सहा महिन्यांनी आली नाही. मिठाचा हंगाम म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. पाऊस पडून मिठागरं बंद झाल्यावर, म्हणजे पुरत्या वर्षाने ती संजनाला घेऊन आली. संजना माझ्यापुढे उभी राहिली. ठोकळा टेकला.

"एकशे साडेतीन!" कमळाकर ओरडले.

डॉक्टरांनी कार्ड काढलं. "अहो, साडेपाच वाढली! छान. थोडी उशिरा वाढणारी असेल, पण वाढतेय. काळजी सोडा."

रमा जागची हलली नाही.

"डॉक्टरसायेब, फलीवर वाढली असंल. फ्रॉकात नाय वाढली."

"म्हणजे?"

"ह्यो फ्रॉक गेल्या साली घालून आणलेला. यंदाबी त्योच हाय. गुडघ्याच्या तितकाच खाली. उसवला नाय, सोडला नाय."

"कापड ताणलं असेल," कमळाकर म्हणाले.

"कापार ताणतं, मंग पोरगी का नाय ताणत?"

डॉक्टर एकदा फ्रॉककडे बघत, एकदा कार्डाकडे. माझा आकडा आणि एका आईचा फ्रॉक, यांत कोण खरं? मित्रांनो, मी मनातून फ्रॉकला हसले. विठू सुतारांची फळी मी, पोलादी टेपने तपासलेली!

मोठी माणसं वाद घालत होती, म्हणून संजना माझ्या पायाशी उकिडवी बसून आकडे वाचत होती. तेवढ्या खाली बघायची बाकी कुणाला सवयच नव्हती.

"आये, हिचं एक, दोन, तीन कुटं गेलं? ही चारपासून चालू होते."

डॉक्टर चक्क गुडघ्यांवर बसले. त्यांनी माझ्या तळाशी बोट लावलं, मग टाइल्सकडे पाहिलं, मग कमळाकरांकडे. कमळाकर छताकडे बघू लागले.

"कमळाकर, आपण दरवाजा तासला ना?"

"हो, डॉक्टर."

"आणि हिला?"

मला त्या क्षणी वाळवी लागली असती तर बरं झालं असतं. आठ महिने मी पनवेलच्या प्रत्येक मुलाला तीन सेंटिमीटर फुकट वाटत होते. इतरांचं फार बिघडलं नव्हतं. पण संजना वर्षात साडेपाच नव्हे, जेमतेम अडीच वाढली होती. आणि रमाने हट्ट सोडला असता, तर आणखी निदान एक वर्ष माझ्या आकड्यावर विश्वास ठेवण्यात गेलं असतं. हाडांची वाढ काही कायम आपली वाट बघत थांबत नाही, एके दिवशी तिचं दार बंद होतं.

पुढची कामं भराभर झाली. थायरॉइडची तपासणी झाली, ती ठीक होती. संजनाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर आठ वर्षांच्या मुलीची हाडं साडेचार वर्षांची दिसली. मग डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. परत आल्यावर तिने सगळं माझ्याशेजारी उभं राहून सांगितलं.

"मला उपाशी ठेवलं. मंग एक गोली दिली. मंग अर्ध्या-अर्ध्या तासानं रगत काढलं, पाच वेला! मी दोनदाच रडले."

"आणि तिसऱ्यांदा?" कमळाकरांनी विचारलं.

"झोप लागली."

डॉक्टरांनी रमाला समजावलं. वाढ घडवणारा एक रस मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीतून झिरपतो. तो रक्तात सारखा नसतो, येतो आणि जातो, म्हणून एकदा रक्त काढून काही कळत नाही. गोळी देऊन त्याला हाक मारायची आणि पुन्हापुन्हा दार उघडून बघायचं. संजनाच्या बाबतीत हाक मारली, पण जवळजवळ कोणीच आलं नाही. आता तो रस रोज सुईने बाहेरून द्यायचा.

रमाने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"म्हंजे माज्या खायाला घालन्यात खोट नव्हती?"

"नव्हती, रमाबाई."

"ह्ये तुमी कागदावर लिवून द्याल? मराठीत, मोठ्या अक्षरात. घरी वाचून दाखवायचं हाय."

डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि खाली सहीसुद्धा केली. औषधाची सोय कुणी, कशी केली ते मला ठाऊक नाही. फळीला भिंत सोडून चौकशी करता येत नाही. मला मात्र उपटून, टेपने पुन्हा तपासून, नव्या जमिनीवर शून्य टेकवून ठोकलं. सगळ्या मुलांची कार्डं दुरुस्त झाली. टॉनिकची गर्दी ओसरली.

वर्षभराने संजना आली. ठोकळा टेकला, आणि कमळाकरांनी यंदा आकडा ओरडला नाही, हळूच सांगितला. एकशे साडेदहा. वर्षात दहा सेंटिमीटर!

रमा पटकन खाली वाकली आणि तिने मुलीचे दोन्ही घोटे धरले. "टाच उचललीस का गो?"

"नाय गो आये, टेकलीय. सोड ना, गुदगुल्या होतात!"

रमाने घोटे बराच वेळ सोडले नाहीत.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं, की दर सहा महिन्यांनी कुणापुढे तरी ताठ उभे राहा आणि तो आकडा तारखेसकट लिहून ठेवा. ज्याने मोजता, त्यालाही अधूनमधून मोजा, कारण खोटं बोलताना फळीचा चेहरा बदलत नाही. आणि माझा आकडा एक सांगत असेल व आई दुसरं, तर आधी आईचं ऐकून घ्या. ती तुम्हाला रोज मोजत असते, फक्त कार्डावर लिहीत नाही.