दम खाणारा काटा

साल १९९७. "काकू, तुमचे नमुने काढून टाकतोय," साहेबांनी दारातूनच सांगितलं. "गिऱ्हाइकाकडे एकही बिल्ड होत नाही. आज सीडी छापायला जाणार."

काकूंनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांचं ऑफिस प्रोग्रामरांसाठी साधनांचा संच विकायचं. तो वापरायचा कसा, हे दाखवणारे छोटे नमुना-प्रोग्राम लिहायचे, बिल्ड करायचे म्हणजे कॉम्प्युटरवर चालतील असे तयार करायचे, चालवून बघायचे, हे काकूंचं काम. त्यांचा लाडका नमुना घड्याळाचा. त्याचा सेकंदकाटा बारावर आला की जरासा थांबे.

"माझ्याकडे तर सगळे चालतात हो!"

"तुमच्याकडे चालून काय उपयोग? आणि त्या काट्याची चूकही तशीच आहे."

"चूक कसली? एवढी चढण चढून आल्यावर दम नको खायला?"

साहेबांना हसू आवरेना. "बरं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो."

काकूंनी तडक हिशेब विभाग गाठला. तिथे त्यांची थोरली नणंद होती. तिच्या कॉम्प्युटरला प्रोग्रामिंगचा वाराही लागलेला नव्हता.

"वन्सं, तुमचा कॉम्प्युटर द्या जरा."

"घे, पण माझा पत्त्यांचा डाव मोडलास तर घरात घेणार नाही!"

काकूंनी संच त्यावर चढवला आणि हात मागे बांधले. "आता सूचना वाचून तुम्हीच करा."

नणंदेने एका बोटाने टाइप केलं. पडद्यावर ओळ उमटली : फाइल सापडत नाही.

"मी काही केलं नाही हं!"

"तुम्ही नाही, मीच केलंय!" काकूंनी कपाळावर हात मारला. सगळ्या नमुन्यांना लागणारी एक फाइल त्यांनी सोयीसाठी आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवली होती. संचात घालायची राहूनच गेली. पाहुण्यांना घर दिलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला!

फाइल घातली. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तेच एक बोट. घड्याळ उमटलं. काटा पळत सुटला आणि बारावर थबकला.

"अगंबाई, बंद पडलं की!"

"दम खातोय."

काटा पुढे सरकला. नणंदेने अशी टाळी वाजवली की अख्खा विभाग उठून आला. मागून साहेबही आले. काट्याच्या दोन फेऱ्या त्यांनी उभ्या-उभ्या पाहिल्या. "जाऊ द्या सीडी," ते म्हणाले, "काट्यासकट."

साहेब पुढे मोठ्या कंपनीत गेले, आता गुलाब लावतात. नणंद निवृत्तीनंतर त्याच नमुन्यावर प्रोग्रामिंग शिकली. तिच्या घड्याळात आकड्यांच्या जागी बदाम-चौकट होते. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तो संचही कधीच बंद पडला.

परवा काकू डोळे तपासायला गेल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर रुग्णांचे नंबर आणि कोपऱ्यात घड्याळ. काटा चढत आला, बारावर जरासा थांबला. कुणी तरी, कुठे तरी, तो नमुना जसाच्या तसा उचलला होता.

काकूंचा नंबर पुकारला गेला.

"आलेच हं," त्या म्हणाल्या, आणि काटा पुन्हा वर येईपर्यंत बसून राहिल्या.