ओलांदिनाची लेक येईपर्यंत

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका हं! तुमच्या घरच्या चटईवर माणसं लोळतात, माझ्यावर भांडणं मिटतात. आमच्या तिमोरच्या डोंगरात रीतच आहे तशी. तंटा झाला की मला अंथरायचं, दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसायचं आणि तंटा मिटेपर्यंत मला गुंडाळायचं नाही. मग एक दिवस लागो नाहीतर महिना!

मला ओलांदिनाने विणलं. केवड्याच्या पानांचे काटे काढून, पानं वाळवून, त्यांच्या बारीक पात्या करून. तिची बोटं रक्ताळली, पण वीण अशी घट्ट की मुंगी शिरायची नाही. गावचे पंच बेरेक आजोबा माझ्यावर हात फिरवून म्हणाले, "पोरी, ही आपल्या सगळ्यांना पुरून उरेल बघ!" मी फुलून गेले.

मग ते वाईट वर्ष आलं. आमच्या अर्ध्या बेटाने स्वातंत्र्य मागितलं आणि परक्या फौजेच्या बाजूच्या लोकांनी गावंच्या गावं पेटवली. ओलांदिना एका हाताने मला डोक्यावर सावरत रानाकडे पळाली. दुसऱ्या हाताला तिची चार वर्षांची बेल्मिरा होती. गर्दीत तो हात सुटला. कुणीतरी पोरीला ट्रकमध्ये घालून सीमेपलीकडे नेलं, एवढंच पुढे कळलं. "हिला धरून बसले आणि पोरीला सोडलं," असं म्हणून ओलांदिनाने मला नव्या खोपटाच्या माळ्यावर टाकलं. तीन वर्षं मी धूळ खात पडले होते. तिचा राग मला कळत होता, पण वाईट फार वाटायचं.

आणि एके सकाळी काय तो गलका! देश स्वतंत्र झाला. झेंडा नवा, पोलिसांचे कपडे नवे, जो तो नुसता नाचतोय! त्याच धांदलीत आनाक्लेतो सीमेपलीकडून परत आला. गाव पेटवणाऱ्यांतला हा एक, आमच्याच गावचा. त्याला बायकामुलांसह पुन्हा घरी राहायचं होतं.

"चटई काढा!" बेरेक आजोबा ओरडले. अहाहा, काय सांगू! माझी पाती न् पाती शहारली.

राजधानीहून एक साहेब सगळं लिहून घ्यायला आले. आनाक्लेतोने मान खाली घालून चार घरं जाळल्याचं कबूल केलं. ठरलं, त्याने चारही घरं शाकारून द्यायची आणि एक डुक्कर द्यायचं.

"डुक्कर धष्टपुष्ट आण रे, तुझ्यासारखं वाळकं नको!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

साहेबांनी वही मिटली. "झालं. अंधाराआधी मला घाट उतरायचाय." असं म्हणून त्यांनी स्वतःच माझा कोपरा गुंडाळायला घेतला.

"हात काढ, बाळा." बेरेक आजोबांनी त्यांच्या मनगटावर काठी टेकवली.

ओलांदिना माझ्या मधोमध येऊन बसली होती. "छप्पर नको मला. पोरीला नेलं त्या ट्रकवर हा होता, पाहणारे आहेत. माझी पोर कुठंय ते सांगू दे."

"बाई, हे कागदात नाही."

"मग कागद घेऊन जा. चटई राहू दे."

साहेब गेले. मी राहिले. चार दिवस राहिले! कोंबड्या अंगावरून फिरल्या, कुणी भात आणला, कुणी मका भाजला. "बोल की मेल्या, शेतं वाळून चालली!" बाया त्याला टोचत होत्या. पाचव्या दिवशी त्याने तोंड उघडलं.

"जिवंत आहे ती. माझ्या बहिणीकडे आहे, पलीकडे. बहिणीला मूलबाळ नाही, पोर तिलाच आई म्हणते. कुठल्या तोंडाने काढून आणू?"

ओलांदिना हसत होती की रडत होती, देव जाणे. मग म्हणाली, "जा, घेऊन ये. बहिणीलाही आण. तीही बसेल इथं."

नऊ दिवस! गावाने माझ्यावर मांडव घातला, पण मला कुणी हलवलं नाही. आज दुपारी एकदम आरडाओरडा झाला, "आली! आली!" सात वर्षांची पोर, आनाक्लेतोच्या बहिणीचा हात घट्ट धरलेली. आईला तिने ओळखलं नाही. बोलते तीसुद्धा पलीकडची भाषा. ओलांदिनाने तिला जवळ ओढलं नाही, फक्त 'बस' म्हणून माझ्यावर हाताने थोपटलं. चालून थकलेली पोर दोन्ही बायकांच्या बरोबर मध्ये बसली.

बोलणं लांबलं. शेवटी ठरलं, बहिणीने गावातच राहायचं, पोरीला इथली भाषा येईपर्यंत, आईचा लळा लागेपर्यंत. पानसुपारी फिरली. "हं, उचला आता चटई!" बेरेक आजोबा म्हणाले.

ओलांदिनाने ओठांवर बोट ठेवलं. "थांबा. झोपलीय ती."

मित्रांनो, तुमच्याकडची चटई अधूनमधून झटका, ऊन दाखवा, उसवली तर दोन टाके घाला. आणि तिच्यावर कुणी रुसून बसलं असेल तर गुंडाळायची घाई करू नका. मी अजून अंथरलेलीच आहे. पोर कूस बदलतेय, जरा हळू बोला.